टेराबिथियाचा पूल : एका मृत्यूची तीन रूपांतरं

फेब्रुवारी २००७मध्ये अमेरिकेत 'ब्रिज टू टेराबिथिया' हा मुलांचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या जाहिरातींत राक्षस होता, जंगलातले विचित्र प्राणी होते, झाडांच्या गर्दीत लपलेलं एक राज्य होतं. सव्वा वर्षापूर्वीच 'नार्निया' मालिकेतला पहिला चित्रपट येऊन गेला होता, आणि तोही वॉल्डन मीडिया आणि डिस्ने या जोडीचाच. त्यामुळे हा चित्रपटही त्याच जातीचा असणार, असं समजून आईबाप मुलांना घेऊन गेले. पडद्यावर मात्र राक्षस अगदी थोडा वेळ दिसला. बाकी बराच वेळ खेड्यातली शाळा, शाळेच्या बसमधली दांडगाई, पैशांची ओढाताण असलेलं एक घर, आणि दोन मुलांची मैत्री. मग चित्रपटाच्या शेवटाकडे त्या दोघांपैकी एक मूल मरतं.

जाहिरातींनी फसवणूक केली, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. खुद्द चित्रपट करणाऱ्यांनीही त्या जाहिरातींपासून स्वतःला दूर ठेवलं. पुस्तक वाचलेल्या माणसाला ही झलक पाहून हे काय आहे असंच वाटेल, अशा आशयाचं पटकथाकार डेव्हिड पॅटरसन तेव्हा बोलले होते. या माणसाचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला कारण आहे. ही गोष्ट मुळात त्यांच्या बालपणी घडली होती.

१९७४ साली पॅटरसन कुटुंब वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या टाकोमा पार्क इथं राहत होतं. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, आई कॅथरीन मुलांसाठी लिहिणारी. सात-आठ वर्षांच्या डेव्हिडची शाळेत लिसा नावाच्या मुलीशी घट्ट मैत्री झाली होती. त्या वर्षीच्या वसंतात कॅथरीन यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. त्यातून घर सावरत असतानाच ऑगस्टमध्ये बातमी आली. लिसा घरच्यांबरोबर डेलावेअरच्या समुद्रकिनारी सुटीला गेली होती. तिथे अंगावर वीज पडून ती मेली.

त्यानंतर डेव्हिडनं काय विचार केला, ते कॅथरीन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. लिसा का मेली, याचं उत्तर त्या मुलानं स्वतःच शोधलं होतं. देवाचा आपल्यावर राग आहे, म्हणून त्यानं तिला नेलं, आणि आता तो आपल्या बहिणीलाही नेईल. धर्मोपदेशकाच्या घरातला मुलगा हा. देव प्रेमळ आहे, हे त्यानं जन्मापासून ऐकलं होतं. तरीही कारण नसलेल्या मृत्यूला कारण देण्याची वेळ आली, तेव्हा त्याला स्वतःहून जवळचा दुसरा गुन्हेगार सापडला नाही.

कॅथरीन पॅटरसन यांचा तोवरचा लेखनप्रवास या गोष्टीपासून फार लांबचा होता. त्यांचा जन्म १९३२चा, चीनमधला, आईवडील मिशनरी. त्यांची पहिली भाषा चिनी. युद्धामुळे कुटुंबाला अमेरिकेत परतावं लागलं, तेव्हा तिथल्या शाळेत वेगळे कपडे आणि वेगळे उच्चार असलेली ती नवी मुलगी एकटी पडली. पुढे १९५७पासून चार वर्षं त्या स्वतः जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिल्या. त्यांच्या पहिल्या तिन्ही कादंबऱ्या जुन्या जपानमध्ये घडतात. त्यांतल्या 'द मास्टर पपेटिअर'ला १९७७चा नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळाला. एवढं दूरचं लिहिणाऱ्या बाईंना आता आपल्याच घरातलं, आपल्याच मुलाचं लिहायचं होतं.

लिहिता लिहिता त्या एका जागी अडल्या. मुलीच्या मृत्यूचं प्रकरण आलं, आणि लेखणी पुढे जाईना. त्या दुसरीच कामं काढत बसू लागल्या. लिसाच्या मृत्यूला सामोरं जाणं जमत नाही, असं त्यांनी एका मैत्रिणीला सांगितलं. तुला लिसाच्या नाही, तुझ्या स्वतःच्या मृत्यूला सामोरं जाता येत नाहीये, अशा अर्थाचं ती मैत्रीण म्हणाली. शस्त्रक्रियेच्या आठवणी ताज्या असलेल्या बाईंना ते लागलं. घरी येऊन त्यांनी ते प्रकरण लिहून काढलं. पुढे हस्तलिखित वाचून संपादक व्हर्जिनिया बकली यांनी त्यांना विचारलं, की हे पुस्तक मृत्यूबद्दल आहे की मैत्रीबद्दल? पॅटरसन यांच्या लक्षात आलं, की आजवर आपण ते मृत्यूचं पुस्तक समजत होतो, पण ते मैत्रीचं आहे. मग त्यांनी ते नव्यानं लिहायला घेतलं.

१९७७मध्ये कादंबरी आली. व्हर्जिनियातल्या एका खेड्यात राहणारा जेस ॲरन्स हा चार बहिणींतला एकुलता भाऊ. चित्रं काढतो, पण वडिलांना ते आवडत नाही, म्हणून लपवून काढतो. पाचवीच्या वर्गात सगळ्यांत वेगानं पळणारा मुलगा व्हायचं, म्हणून तो उन्हाळाभर पहाटे उठून सराव करतो. शाळा सुरू होते, शर्यत लागते, आणि शहरातून नव्यानं राहायला आलेली लेस्ली बर्क ही मुलगी सगळ्या मुलांना मागे टाकते. तिचे आईवडील लेखक. घरात टीव्ही नाही, पुस्तकं भरपूर. वर्गात ती जितकी परकी, तितकाच जेस स्वतःच्या घरात परका. दोघांची मैत्री होते. ओढ्यावर एका झाडाला दोरी लोंबत असते. तिला झोका घेऊन पलीकडच्या रानात जायचं, आणि तिथे आपलं राज्य. तिथले राजा-राणी हे दोघंच.

त्या राज्याचं नाव 'टेराबिथिया'. अनुवादक म्हणून मला या नावाची जन्मकथा फार आवडते. पॅटरसन यांना वाटलं होतं, की ते आपणच घडवलं. नंतर त्यांच्या ध्यानात आलं, की सी. एस. लुइस यांच्या नार्नियाच्या एका पुस्तकात 'टेरेबिंथिया' नावाचं बेट आहे. आणि लुइस यांना तरी ते सुचलं कुठून, तर बहुधा बायबलात येणाऱ्या 'टेरेबिंथ' या झाडावरून. पण यात काही चुकलं असं नाही. कादंबरीत लेस्ली जेसला नार्नियाची पुस्तकं वाचायला देते, म्हणजे तिनं ठेवलेलं नाव तिच्या वाचनातून, अर्धवट आठवणीतून येणं हेच स्वाभाविक. मुलांची खेळातली राज्यं अशीच कुठल्या तरी ऐकलेल्या गोष्टीच्या तुकड्यांवर उभी राहतात.

मग पावसाळी दिवस येतात, ओढा फुगतो. जेसला पाण्याची भीती वाटू लागते, पण लेस्लीला ते सांगायची लाज वाटते. अशात एका सकाळी संगीताच्या बाईंचा फोन येतो, की वॉशिंग्टनला चित्रं बघायला येतोस का? तो जातो. लेस्लीलाही बोलावता आलं असतं, हे त्याला वाटेत सुचतं. पण बाईंबरोबर एकट्यानं जाण्याचा आनंद त्याला सोडवत नाही. आयुष्यातला सगळ्यांत सुंदर दिवस घालवून तो घरी परततो. त्या दिवशी लेस्ली एकटीच ओढ्यावर गेलेली असते. दोरी तुटते.

विजेच्या जागी दोरी, समुद्राच्या जागी ओढा. हा पहिला बदल कादंबरीकारानं केला, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. वीज ही आभाळातून येते. तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. दोरी मात्र मुलांच्या हातातली वस्तू. तिच्यावर त्यांनीच भरवसा टाकला होता. त्यामुळे डेव्हिडच्या मनातला तो निराधार अपराध इथे जेसच्या वाट्याला आला, तेव्हा त्याला टेकायला जागा मिळाली. मी तिला बोलावलं असतं तर? आपण भित्रे आहोत हे आधीच सांगून टाकलं असतं तर? आपली चूक नसलेल्या गोष्टीचा दोष मूल स्वतःवर कसं घेतं, ते वाचकाला आतून दिसतं.

मुलांच्या पुस्तकात मृत्यू काही पहिल्यांदा आला नव्हता. आपल्याकडेच पाहा. साने गुरुजींनी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी रडत वाचली. आचार्य अत्रे यांनी त्यावर १९५३मध्ये केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आईचा मृत्यू मुलांना सोसेल का, असा प्रश्न कुणी गांभीर्यानं उभा केला नाही. कारण त्या मृत्यूच्या मागे संस्कारांचं भांडार आहे. आई जाते, पण शिकवण ठेवून जाते. इंग्रजी बालसाहित्यातही दीर्घ आजारानं मरणारी गुणी मुलं पुष्कळ आहेत, आणि मरताना ती भोवतालच्यांना सुधारून जातात. लेस्लीचा मृत्यू या रांगेत बसत नाही. ती कुणाला उपदेश करत नाही, कुणाचा निरोप घेत नाही. तिच्या मरण्याला अर्थ नाही. पॅटरसन यांनी तो लावून दिला नाही, आणि हेच अनेकांना खुपलं.

१९७८मध्ये कादंबरीला अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. पण त्याच कादंबरीवर शाळांतून आणि ग्रंथालयांतून आक्षेपही सतत येत राहिले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेनं १९९०च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तीत ती पहिल्या दहांत होती. तक्रारी ठरावीक होत्या. जेस आणि त्याच्या घरची माणसं बोलताना देवाचं नाव शिवीसारखं वापरतात. मुलांचं काल्पनिक राज्य म्हणजे जादूटोणा. आणि हा असला मृत्यू मुलांनी का वाचावा?

देवाबद्दलची तक्रार विशेष विचित्र आहे, कारण ज्या बाईंवर ती होत होती त्या स्वतः मिशनरी होत्या आणि धर्मोपदेशकाच्या पत्नी. कादंबरीत देवाची चर्चा थेट होते. लेस्ली जेसच्या घरच्यांबरोबर ईस्टरला चर्चमध्ये जाते. येशूची गोष्ट तिला सुंदर वाटते. जेसची धाकटी बहीण मे बेल तिला बजावते, की बायबलावर विश्वास नसेल तर देव नरकात टाकतो. मुलांच्या तोंडचं हे बोलणं तेवढ्यावर संपतं. पण लेस्ली गेल्यावर ते जेसला आठवतं, आणि तो वडिलांना विचारतो. आयुष्यभर मुलाशी धड दोन वाक्यं न बोललेला तो कष्टकरी बाप सांगतो, की देव लहान मुलींना नरकात टाकत नसतो. डेव्हिडनं स्वतःशी जे ठरवून टाकलं होतं, त्याला तीन वर्षांनी त्याच्या आईनं दिलेलं हे उत्तर आहे. तिनं ते एका अडाणी बापाच्या तोंडी घातलं, पोथीतल्या वचनासारखं सांगितलं नाही.

पुस्तक छापायला जाण्याआधी डेव्हिडनं वाचलं. आईनं ते त्याच्यासाठी लिहिलं होतं. त्यानं सांगितलं, की अर्पणपत्रिकेत लिसाचंही नाव हवं. म्हणून ती अर्पणपत्रिका दोघांच्या नावानं आहे.

दुसरं रूपांतर १९८५चं. अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरदर्शनवर 'वंडरवर्क्स' नावाची मुलांसाठीची मालिका चालत असे. तिच्यासाठी कॅनडात हा चित्रपट झाला. पैसा बेताचा, लांबी तासाभराची. पॅटरसन कुटुंबाला तो आवडला नाही, आणि आज तो फारसा कुणाच्या स्मरणातही नाही. पण एक प्रश्न त्यानं मागे ठेवला. टेराबिथिया पडद्यावर दाखवायचं कसं? कादंबरीत ते राज्य म्हणजे शब्द. लेस्ली बोलते आणि जेसला दिसतं. तिच्याशिवाय तो एकटा रानात जातो, तेव्हा त्याला काहीच दिसत नाही, आणि हे न दिसणंच तिच्या मृत्यूचं पहिलं माप असतं. कॅमेऱ्याला मात्र काही ना काही दाखवावंच लागतं. काहीच दाखवलं नाही तर ती दोन मुलं झाडांत उगीच हातवारे करताना दिसतात. सगळंच दाखवलं तर कल्पनाशक्ती उरत नाही, फक्त करामत उरते.

तिसऱ्या रूपांतराच्या वेळी डेव्हिड पॅटरसन चाळिशीला आले होते. नाटकं लिहिणाऱ्या डेव्हिड यांनी बरीच वर्षं या चित्रपटाचा पिच्छा पुरवला होता. कंपन्यांच्या पायऱ्या झिजवताना त्यांना एक सूचना ऐकावी लागली, तीही एकाहून अधिक ठिकाणी. मुलीला मारलं नाही तर चालणार नाही का? जिच्यासाठी अर्पणपत्रिकेत जागा मागितली होती तिला पडद्यावर वाचवा, असं त्या मुलालाच सांगितलं जात होतं. वाचवावंसं त्याला वाटलं नसेल, असं कोण म्हणेल? पण त्यानं नकार दिला.

शेवटी वॉल्डन मीडियानं चित्रपट केला. पटकथा डेव्हिड पॅटरसन आणि जेफ स्टॉकवेल यांची. दिग्दर्शक गाबोर चुपो हे हंगेरीतून आलेले चित्रकार. 'रगरॅट्स' ही लहान मुलांच्या नजरेतून जग दाखवणारी कार्टून मालिका करणाऱ्या कंपनीचे ते एक संस्थापक. जिवंत माणसांना घेऊन केलेला हा त्यांचा पहिलाच मोठा चित्रपट. याउलट छायालेखक मायकेल चॅपमन यांच्या नावावर 'टॅक्सी ड्रायव्हर' आणि 'रेजिंग बुल' होते, आणि हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. चित्रण न्यूझीलंडमध्ये झालं. काल्पनिक प्राणी तिथल्याच वेटा या नामांकित कंपनीनं घडवले. जेस झालेला जॉश हचरसन आणि लेस्ली झालेली ॲनासोफिया रॉब ही दोघं तेव्हा खरोखरच त्या वयाच्या आसपासची होती.

१९८५च्या प्रश्नाला या मंडळींनी दिलेलं उत्तर जाहिरातीत दिसत नाही, चित्रपटातच दिसतं. जंगलातले प्राणी शाळेतल्याच छळवादी मुलांची रूपं घेऊन येतात. राक्षसाचा चेहरा शाळेतल्या दांडग्या मुलीच्या चेहऱ्याशी जुळतो. म्हणजे टेराबिथिया हा जगापासून पळून जाण्याचा रस्ता नसून, जगाला परत तोंड द्यायची तालीम आहे. आणि पूर्ण वैभवात ते राज्य दिसतं ते अगदी शेवटी, तोवर ते क्षणभर झळकून विरतं.

मृत्यू तर दाखवलेलाच नाही. दोरी तुटताना दिसत नाही, पाणी दिसत नाही. संग्रहालयाच्या दिवसानंतर जेस घरी येतो, घरातल्या सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे वळतात, आणि त्याला कळतं. भारतीय प्रेक्षकाला इथे 'पथेर पांचाली' आठवल्यावाचून राहत नाही. सत्यजित रायांच्या १९५५च्या चित्रपटात दूरवरून परतलेला हरिहर एकेक वस्तू काढून दाखवतो, त्यात दुर्गासाठी आणलेली साडी असते, आणि सर्वजयाच्या आक्रोशाच्या जागी तारशहनाई वाजते. दोन्हीकडे बातमी कळते ती बाहेरून आनंदात आलेल्या माणसाला. दोन्हीकडे मागे राहतो तो एक लहान मुलगा, ज्याच्या हातात अजून काही काम उरलेलं असतं. अपू दुर्गानं चोरलेली माळ तळ्यात टाकतो, म्हणजे तिची चोरी कायमची झाकली जाते. जेसचं काम निराळं आहे. त्याच्याकडे मी येते.

त्याआधी भाषेबद्दल थोडं. कादंबरीत जेसला बातमी सांगणारी त्याची थोरली बहीण सरळ 'मेली' या अर्थाचा शब्द वापरते. त्यात क्रूरपणा आहे, पण खोटेपणा नाही. मराठीत मुलांसाठी लिहिताना हा शब्द हात धरून ठेवतो. आपण म्हणतो 'देवाघरी गेली', 'देवबाप्पाकडे गेली', 'तारा झाली'. मोठ्यांसाठी 'वारली', 'निवर्तली'. आणि सगळ्यांसाठी नुसतं 'गेली'. एका बालकथेच्या माझ्या अनुवादात 'मेला' हा शब्द बदलून 'देवाघरी गेला' करावं, अशी सूचना मला आली होती. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण मला डेव्हिड आठवला. 'देवानं नेलं' हे वाक्य आपण ज्या मुलाला दिलासा म्हणून सांगतो, तेच मूल त्यातून पुढचा प्रश्न काढू शकतं, की मग देवानं का नेलं, आणि आता कुणाला नेणार? मऊ शब्दात मुलाची भीती मऊ होते असं नाही. कधी कधी तिला बसायला गादी मिळते, एवढंच.

'गेली' या शब्दाचं मात्र मला कौतुक वाटतं. या गोष्टीत त्याचे दोन्ही अर्थ लागतात. जेस वॉशिंग्टनला गेला. लेस्ली ओढ्यावर गेली. आणि लेस्ली गेली. एकाच क्रियापदात त्याचा आनंद, तिचा हट्ट आणि दोघांचा तुटलेला धागा येतो. तरीही कुणी मराठीत ही कादंबरी करायला घेतली, तर बहिणीच्या तोंडी 'मेली' हाच शब्द राहावा, असं मला वाटतं. 'गेली' नंतर येऊ दे, जेस स्वतः बोलू लागेल तेव्हा.

त्याला बोलतं करायला मदत होते ती अनपेक्षित जागेहून. वर्गातल्या कडक बाई, ज्यांची ही दोघं मुलं टिंगल करत असत, त्या त्याला बाजूला घेतात. माझा नवरा वारला तेव्हा लोक मला रडू नकोस म्हणत होते, विसरायला सांगत होते; मला विसरायचं नव्हतं, अशा आशयाचं त्या सांगतात. कादंबरीत आणि चित्रपटात दोन्हीकडे हा प्रसंग आहे. इतक्या बदलांत तो टिकून राहिला, याचं कारण उघड आहे. विसरायचं नाही, हीच डेव्हिडनं अर्पणपत्रिकेसाठी आईकडे केलेली मागणी होती.

आणि जेसचं काम. लेस्लीचे आईवडील घर सोडून जातात, मागे काही लाकूडफाटा उरतो. त्या फळ्या वाहून नेऊन जेस ओढ्यावर पूल बांधतो. मग मे बेलला घेऊन तो पलीकडे जातो. एरवी मागे मागे येणारी, हाकलून दिली जाणारी ही धाकटी बहीण. तिला तो टेराबिथियाची राणी करतो. चित्रपटात या वेळी पहिल्यांदा ते राज्य पुरतं उघडतं, आणि ते जेसच्या शब्दांनी उघडतं. लेस्लीनं जे त्याला दाखवलं, ते तो आता दुसऱ्या कुणाला दाखवू शकतो.

पुष्कळांना हा शेवट गोड वाटतो. मला त्यातला सुतारकामाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. जेस दोरी पुन्हा बांधत नाही, आणि रानात जायचंही सोडत नाही. पलीकडे जायला फळ्यांची वाट करतो, लहान पोरीचा पाय घसरणार नाही अशी. मगच तिला बोलावतो.